मॉरिशसमधला मराठी माणूस मराठी बोलत नाही, मग सरकार पैसे कशाला घालतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नुकत्याच मॉरिशसला जाऊन आल्या आहेत. त्यांच्या टॅक्सीच्या ड्रायव्हरने अभिमानाने सांगितलं की मी मराठी आहे. मोबाइलमध्ये घरच्या गणपतीचा फोटोही दाखवला. यांनी आनंदाने मराठीत बोलायला सुरुवात केली, तर तो नुसता हसला आणि क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या रोजच्या बोलीत, काहीतरी म्हणाला. पुढे त्यांना कळलं की तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, सरकारी शाळांत मराठी शिकवतात आणि मराठी संस्कृतीसाठी कायद्याने केलेली संस्था आहे. त्यावर त्यांनी विचारलंय: "भाषा तर उरलेली दिसत नाही, मग हा सगळा सरकारी देखावाच ना? आणि जिथे इतके समाज आहेत अशा देशाने प्रत्येकाला असं वाटून द्यावं, की सगळ्यांची मिळून एक संस्कृती घडवावी?"

माझा या विषयाशी संबंध पुस्तकांतून आलेला नाही. मी नाटकवाला माणूस. मॉरिशसमध्ये दरवर्षी राष्ट्रीय नाट्यस्पर्धा होते आणि ती भाषावार असते: हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, भोजपुरी, फ्रेंच, इंग्रजी, क्रिओल, आणि मराठीसुद्धा. या मराठी गटातल्या मंडळींबरोबर मी अठरा-वीस वर्षं, कधी दोन महिने, कधी वर्षभर राहून काम केलं. त्यामुळे धोरण मला दिसलं ते तालमीच्या हॉलमधून. तिथून जे दिसत नाही त्याबद्दल मी बोलणार नाही.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. 'मराठी' म्हणजे भाषा असं आपण धरून चालतो. तिथे 'मराठी' म्हणजे आधी कूळ. तिथल्या जनगणनेतच हे दोन प्रश्न वेगळे विचारले जात आलेत: तुम्ही घरी कोणती भाषा बोलता, आणि तुमचे पूर्वज कोणती बोलत? २०११ च्या गणनेत पहिल्या प्रश्नाला ८६ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'क्रिओल' लिहिलं. दुसऱ्याची उत्तरं मात्र हिंदी, तमिळ, मराठी, चिनी अशी रंगीबेरंगी. तुमचा ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. त्याने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तुम्ही त्याला पहिला विचारत होतात.

आता हे असं का झालं. फ्रेंचांनी १७१५ पासून हे बेट ताब्यात ठेवलं आणि आफ्रिका-मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये ते इंग्रजांनी घेतलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर यायला लागले होते. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत सुमारे ४,५०,००० माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. आज तो धक्का 'आप्रवासी घाट' म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक जण बिहार-पूर्वांचलाकडचे, काही मद्रासेकडचे, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकण-घाटावरचे लोक त्या मानाने मूठभर. उतरताना कारकुनाने जे नाव लिहून घेतलं तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. म्हणून आज तिथल्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांची पाळण्यातली नावं आडनावं म्हणून भेटतात.

१९६८ च्या १२ मार्चला देश स्वतंत्र झाला, तो घाबरत घाबरत. त्याच वर्षी जानेवारीत पोर्ट लुईमध्ये दंगली झाल्या होत्या. हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण आपण इथे बसून "वाटून देण्याच्या" राजकारणावर नाकं मुरडतो. त्या लोकांसमोरचा प्रश्न संस्कृती कशी फुलवावी हा नव्हताच. एकमेकांचे गळे धरू नयेत म्हणून काय करावं, हा होता. घटनेत चार समाज लिहिले गेले: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि ज्यांची जीवनपद्धती या तिघांत बसत नाही ते सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. संसदेत ६२ जण निवडून येतात आणि ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याच्या हरलेल्यांतल्या चांगल्या उमेदवारांना ८ जागांपर्यंत आत घेतलं जातं. याला तिथे 'बेस्ट लूझर' म्हणतात. गंमत अशी की जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला गेला, त्यामुळे हा हिशेब अजूनही १९७२ च्या आकड्यांवर चालतो. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने यावर बोट ठेवलं, तेव्हा २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची मुभा दिली गेली. म्हणजे आजारपणातली कुबडी. पाय बरा झाला की नाही हे बघायची कोणाची छाती होत नाही.

मराठी माणूस या चारात 'हिंदू' मध्ये मोडतो. पण सांस्कृतिक धोरणात चार नाही, डझनभर खण आहेत. तमिळ, तेलुगू, मराठी, इस्लामी संस्कृतीसाठी स्वतंत्र केंद्रं, आफ्रिकी संस्कृतीसाठी नेल्सन मंडेला केंद्र, शिवाय प्रत्येक भाषेची एकेक 'स्पीकिंग युनियन', म्हणजे ती भाषा जपण्यासाठीची संस्था. सुट्ट्याही तशाच: तमिळांचं कावडी, तेलुगूंचा उगादी, महाशिवरात्र, ईद, चिनी नववर्ष, ख्रिसमस, आणि मराठी लोकांची गणेश चतुर्थी. सुट्टी चतुर्थीच्या दिवशी नसते, दुसऱ्या दिवशी असते, कारण तो विसर्जनाचा. २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्टला गणपती बसले, तिथली सुट्टी २८ ला. देव आणायला रजा नाही, पोचवायला आहे, असं मी तिथे चेष्टेत म्हणायचो.

हे खण किती नाजूक असतात त्याचं एक उदाहरण. तिथल्या नोटांवर इंग्रजीखाली तमिळ आणि मग हिंदी अक्षरं असत. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या त्यांत हिंदी वर आणि तमिळ खाली गेली. बस्स, एवढंच. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ मध्ये तमिळ पुन्हा वर छापून नव्या काढल्या. खरेदी करताना ती ओळ कोणी वाचत नाही. तरी ती कुठे छापली आहे यावर देशात आपण कुठे उभे आहोत हे ठरतं, असं लोकांना वाटतं, आणि माझ्या अनुभवात ते अगदीच चूक नसतं.

आता तालमीच्या हॉलकडे येतो, कारण तुमच्या "देखावा" शब्दाचं उत्तर तिथे आहे.

पहिल्या वर्षी मी इथून एक चांगलं चाललेलं पुणेरी विनोदी नाटक घेऊन गेलो. दहा कलाकार. त्यातल्या सहांना देवनागरी वाचता यायची, शाळेत हिंदी किंवा मराठी घेतलेली म्हणून. उरलेल्यांनी संवाद रोमन लिपीत उतरवून घेतले, तेही फ्रेंच वळणाने. 'ळ' कुणालाच नको, 'र' घशातून. मी सूचना मराठीत द्यायचो, मग गटातली एक शिक्षिका ती क्रिओलमध्ये सांगायची. "आनू रेकूमान्से," म्हणजे चला पुन्हा पहिल्यापासून, हे मी शिकलेलं पहिलं क्रिओल वाक्य. प्रयोग झाला. उच्चार बरे, पाठांतर चोख. प्रेक्षागृहात तीनशे माणसं आणि विनोदावर हशा नाही. हशा आला तो एका मुलाची मिशी निघाली तेव्हा. तरी शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आधी राग आला. वाटलं, हे नाटक बघायला आलेच नव्हते. ते आपली भाषा स्टेजवर उभी राहिलेली बघायला आले होते. पूजेतले संस्कृत मंत्र आपल्यातल्या कितीजणांना कळतात? पण भटजींनी ते मराठीत म्हटले तर आपल्याला चालत नाही. तसं.

पुढच्या काही वर्षांत मी तिथल्याच गोष्टी लिहून घ्यायला लागलो. एका नाटकात चिनी माणसाच्या दुकानातला प्रसंग होता. मळ्यातली मराठी बाई उधारीवर तांदूळ मागायला जाते. मी तो प्रसंग क्रिओलमध्ये ठेवला, कारण ती बाई आणि तो दुकानदार दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? तालमीत तो प्रसंग असा काही रंगला की मी बघत राहिलो. तीच मुलं, जी मराठी वाक्यं वजन उचलल्यासारखी बोलायची, ती एकदम माणसं झाली. आणि आमच्याच गटातल्या ज्येष्ठांनी तो काढायला लावला. त्यातले एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही परत जाल. आम्ही एकदा क्रिओल आत घेतली की उद्या कोणी म्हणेल, मग मराठी गट वेगळा कशाला?" मी वाद घातला नाही. कलेच्या बाजूने मी बरोबर होतो, हिशेबाच्या बाजूने ते.

वाटून देण्याच्या धोरणाचा खरा परिणाम इथे दिसतो. ओळख टिकवायला ते फार चांगलं आहे. ते नसतं तर मराठी हा एवढासा गट कधीच मोठ्या 'हिंदू' पातेल्यात विरघळून गेला असता, हे मला पक्कं वाटतं. पण भाषा टिकवायला ते कच्चं आहे, कारण त्यात पैसे मिळतात ते वेगळं दिसण्यासाठी. भाषा वापरून नवं काही केलं, दुसऱ्या समाजाला त्यात ओढलं, सरमिसळ केली, तर खण धूसर होतो आणि धूसर खणाला पुढच्या वर्षी काय मिळेल याची धास्ती वाटते. मग दरवर्षी तोच सण, तीच प्रमुख पाहुण्यांची भाषणं, तोच लावणीचा सीडीवरचा नाच.

आणि या वाटपात एक मोठा समाज बराच काळ हात चोळत बसला होता. गुलामांचे वंशज. त्यांच्या पूर्वजांची भाषा कोणती? ती तर जहाजावरच तोडून टाकली गेली. त्यांची भाषा क्रिओल, आणि क्रिओल सगळ्यांचीच, म्हणून ती कोणाच्या खणात बसेना. १९८३ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत क्रिओलमधून ऐकवलं गेलं तर केवढं वादळ उठलं. १९९५ मध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या गुणवारीत पौर्वात्य, म्हणजे हिंदी, तमिळ, मराठी अशा भाषांचे गुण धरावेत म्हणून घटनादुरुस्ती आणली गेली. ती मंजूर झाली नाही, पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथांनी संसद विसर्जित केली आणि निवडणुकीत मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा विरोधकांना गेल्या. पोरांच्या परीक्षेतल्या गुणांवरून सरकार पडलं, हे आपल्याकडे सांगितलं तर लोक हसतात. पण विचार करा, तमिळ किंवा मराठी मुलाला पूर्वजांच्या भाषेचे गुण मिळणार आणि गुलामांच्या वंशातल्या मुलाला तो विषयच नाही, तर त्याच्या आईबापांनी काय समजायचं? फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा सेग्गेचा, म्हणजे तिथला सेगा आणि रेगे मिसळलेल्या संगीताचा, लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट चार दिवस पेटलं. त्या आगीला एका माणसाचा मृत्यू हे निमित्त होतं. आतला कोंडमारा जुना होता.

२०१२ पासून क्रिओल प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली. शुद्धलेखन ठरलं, पुस्तकं आली. चांगलं झालं. पण ती त्याच रांगेत आली: मूल एकतर मराठी घेणार किंवा क्रिओल. जी भाषा सगळ्यांना जोडते तिलाही धोरणाने एक खण देऊन टाकला. माझ्या ओळखीच्या एका मराठी शिक्षिकेची मुलगी क्रिओल घेऊ म्हणत होती, कारण मैत्रिणी तिथे. आई म्हणाली, "तू गेलीस तर माझ्या वर्गात सात उरतील. मग माझी बदली." यात भाषेवरचं प्रेम किती आणि पोटाचा प्रश्न किती, हे वेगळं करायला गेलात तर दोन्ही हाती लागत नाहीत. म्हणून मी कोणाला नावं ठेवत नाही.

"एकच संस्कृती घडवावी का" हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इथे मात्र मला हात आखडता घ्यावा लागतो, कारण उत्तर कोण घडवणार यावर ठरतं. लहान बेट, बारा-तेरा लाख वस्ती, कोणत्याही समाजाची मायभूमी ती नाही, सगळेच बाहेरून आलेले. अशा ठिकाणी सगळ्यांची एक भाषा आपोआप तयार झाली, सरकारने काहीही न करता, किंबहुना सरकारने तिच्याकडे पाठ फिरवलेली असताना. जिथे एक समाज मोठा आणि जमीन त्याची अशी भावना आहे, तिथे "एक संस्कृती" म्हणजे त्या मोठ्याची संस्कृती होण्याचा धोका असतो. त्यामुळे मॉरिशसचा नमुना उचलून भारतात लावा असं मी म्हणणार नाही, आणि उलटही नाही. बाहेरून येणारा हातभारही मोजायला हवा. मोका इथली महात्मा गांधी संस्था भारताच्या मदतीने उभी राहिली, मराठीचे शिक्षक तिथे तयार होतात. प्रत्येक समाजामागे असा एखादा देश नसतो. गुलामांच्या वंशजांमागे कोण होतं?

मला विचारलंत तर मी पैसा वाटण्याचा निकष बदलेन, खण मोडणार नाही. किती जुने, किती शुद्ध हे न बघता किती जणांना त्या गोष्टीचं अजून काम पडतं हे बघेन. भोजपुरीचं उदाहरण घ्या. घरी भोजपुरी बोलणारे २००० मध्ये १२ टक्के होते, २०११ मध्ये ५ वर आले. पण लग्नाआधी बायका एकत्र जमून म्हणतात ती गीत-गवई टिकली, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. तिला लग्न हे काम होतं. हळद लागणार तर गाणं लागणारच. आणि सेगा, जो गुलामांचा नाच, तो त्याआधी दोन वर्षं त्याच यादीत गेला. आज तो सगळ्या समाजांच्या लग्नांत वाजतो, मराठी लग्नांतही.

मराठीकडे असं काय आहे? आरती आहे. आणि झाकरी आहे. आपल्या रत्नागिरीकडचं जाखडी नृत्य, बाल्या नाच म्हणतो ते. मध्ये गाणारे बसतात, भोवती फेर धरतात. इथे मुंबईच्या चाकरमान्यांनी त्याचं काय काय केलं ते आपल्याला माहीत आहे. तिथे ते दीडशे वर्षं तोंडातोंडी चालत आलंय, लिहून न ठेवता. त्याच्यासाठी पैसा, जागा आणि मोकळीक दिली, क्रिओल शब्द आत आले तरी डोळे वटारले नाहीत, तर भाषेचा एक धागा जिवंत राहील असं मला वाटतं. पुणेरी नाटकांपेक्षा नक्की जास्त. ही माझ्याच धंद्याविरुद्धची साक्ष समजा.

पश्चिम किनाऱ्याकडे कास्काव्हेलच्या बाजूला मराठी घरं पुष्कळ आहेत. त्या भागातल्या एका म्हाताऱ्या झाकरीवाल्याकडे मी तीन संध्याकाळ बसलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, ऊस तोडून हात लाकडासारखे झालेले. मराठी बोलता येत नव्हतं. पण तो गायला लागला की चाळीस-चाळीस ओळी न अडखळता. शब्द झिजलेले, काही ठिकाणी नुसता नाद उरलेला. एका नमनात परत परत 'याडेसर' येत होतं. मी विचारलं, हे काय? त्याने खांदे उडवले. बापाने शिकवलं, बापाला त्याच्या बापाने. मी दोनदा ऐकलं आणि मग लक्षात आलं: व्याडेश्वर. गुहागरचा. मी त्याला सांगितलं की हे देवाचं नाव आहे, देऊळ अजून आहे, जवळच समुद्र आहे. नातू क्रिओलमध्ये सांगत होता. म्हातारा बराच वेळ गप्प बसला, मग काहीतरी पुटपुटला. नातू म्हणाला, "ते विचारतायत, मुंबईपासून लांब आहे का?"

मी म्हटलं, रात्रीची एसटी धरली की सकाळी उतरतो. नातवाने मला विचारलं, एसटी म्हणजे काय.